शक्य तितक्या लवकर : राष्ट्रपतींच्या अनुमतीचा इतिहास

कायदा कोण करतो, या प्रश्नाला आपण सहजपणे ‘संसद’ असे उत्तर देतो. ते चुकीचे नाही. पण संसद म्हटली की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे लोकसभा आणि राज्यसभा ही दोनच सभागृहे उभी राहतात. संविधानाच्या ७९व्या अनुच्छेदात मात्र संसदेचे तीन घटक सांगितले आहेत आणि त्यांत पहिला उल्लेख राष्ट्रपतींचा आहे. राष्ट्रपती कोणत्याही सभागृहाचे सदस्य नसतात. ते चर्चेत भाग घेत नाहीत, मतदान करीत नाहीत. तरीही दोन्ही सभागृहांनी संमत केलेले विधेयक त्यांची अनुमती मिळेपर्यंत विधेयकच राहते. त्यांची सही झाली म्हणजे ते अधिनियम होते, राजपत्रात प्रसिद्ध होते आणि नागरिकांवर बंधनकारक ठरते. ही सही केवळ उपचार आहे, की तिच्यात काही सत्ता आहे? आणि असल्यास ती कोणाची? प्रजासत्ताकाच्या आरंभापासून हा प्रश्न वेगवेगळ्या रूपांनी पुढे येत राहिला आहे. त्याच्या इतिहासाकडे पाहू लागले, की वाद जितका नकाराच्या अधिकाराचा दिसतो त्याहून अधिक तो वेळेचा आहे, असे लक्षात येते.

संस्थानी मुलुखांत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी कुटुंबांना सहीचे माहात्म्य वेगळे सांगायला नको. कोल्हापुरात २६ जुलै १९०२ रोजी शाहू महाराजांच्या आज्ञेने मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या सरकारी जागा राखून ठेवल्या गेल्या. बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये सक्तीचे प्राथमिक शिक्षण साऱ्या राज्यात लागू केले आणि १९३१ मध्ये हिंदूंना घटस्फोटाची मुभा देणारा कायदा केला. बडोद्यात धारासभा होती, चर्चा होत असे. परंतु अखेरचा शब्द महाराजांचाच असे. राजा दूरदृष्टीचा असेल तर त्याची एक सही समाजाला पन्नास वर्षे पुढे नेई. तसा नसेल तर तीच सही त्याला तितकीच मागे ठेवी. राजाची सही हा कायद्याचा उगम होता. राष्ट्रपतींची सही ही कायद्याच्या वाटेवरची शेवटची पायरी आहे. दिसायला दोन्ही सह्याच. परंतु त्यांच्या अर्थातला हा फरक घटनाकारांनी जाणीवपूर्वक केलेला आहे.

या शेवटच्या पायरीचा आराखडा एका परीने उसना होता. इंग्लंडच्या राजसत्तेने संसदेने संमत केलेल्या विधेयकाला नकार दिल्याचा अखेरचा प्रसंग १७०८ मधला, ॲन राणीच्या काळातला. त्यानंतर तिथे राजाची अनुमती हा संकेताने बांधलेला उपचार झाला. हिंदुस्थानात मात्र परक्या सत्तेने तो अधिकार जिवंत ठेवला होता. १९३५च्या कायद्यानुसार गव्हर्नर जनरल स्वतःच्या विवेकाने विधेयकाला अनुमती देऊ शके, नाकारू शके, फेरविचारासाठी सभागृहांकडे परत पाठवू शके किंवा सम्राटाच्या विचारार्थ राखून ठेवू शके. त्याने अनुमती दिलेला कायदाही सम्राट बारा महिन्यांच्या आत रद्द करू शकत असे. घटना समितीने हाच सांगाडा घेतला आणि त्यातील परकी सत्ता काढून टाकली. सध्याच्या १११व्या अनुच्छेदानुसार राष्ट्रपतींपुढे तीन मार्ग असतात. ते अनुमती देऊ शकतात, अनुमती रोखून ठेवू शकतात, किंवा ते धनविधेयक नसेल तर संदेशासह फेरविचारार्थ परत पाठवू शकतात. परत पाठविलेले विधेयक सभागृहांनी दुरुस्तीसह किंवा दुरुस्तीविना पुन्हा संमत केले, तर मात्र राष्ट्रपतींना अनुमती नाकारता येत नाही.

या तरतुदीच्या मूळ मसुद्यात एक महत्त्वाचा शब्दप्रयोग होता. विधेयक परत पाठवायचे असेल, तर ते सहा आठवड्यांच्या आत पाठवावे, अशी मुदत तिथे घातलेली होती. मसुद्यात त्या वेळी ९१ क्रमांकाच्या असलेल्या या अनुच्छेदावर २० मे १९४९ रोजी घटना समितीत चर्चा झाली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘सहा आठवड्यांच्या आत’ हे शब्द काढून त्यांच्या जागी ‘शक्य तितक्या लवकर’ असे शब्द घालण्याची दुरुस्ती मांडली. मध्य प्रांत व वऱ्हाडातून निवडून आलेले ह. वि. कामत यांनी त्याला हरकत घेतली. असे सैल शब्द प्रशासनाच्या हाती पडले म्हणजे त्यांचा अर्थ कसा लावला जातो, याचा त्यांना अनुभव होता. ते स्वतः इंडियन सिव्हिल सर्व्हिस सोडून आलेले होते. दुरुस्ती संमत झाली. सहा आठवडे म्हणजे कमाल मर्यादा होती. तीही लागू नये, काम त्याहून लवकर व्हावे, असा नव्या शब्दांचा सरळ अर्थ होतो. पण मर्यादेची रेघ पुसली गेली ती गेलीच. पुढच्या सात दशकांतील बहुतेक वाद या पुसलेल्या रेघेभोवती फिरले.

दुसरी एक जागाही त्या वेळी मोकळी राहिली. राष्ट्रपतींना साहाय्य व सल्ला देण्यासाठी मंत्रिपरिषद असेल, असे ७४व्या अनुच्छेदात लिहिले गेले. तो सल्ला राष्ट्रपतींवर बंधनकारक असेल, असे मात्र लिहिले गेले नाही. आपल्या राष्ट्रपतींचे स्थान इंग्लंडच्या राजासारखे राहील, ही डॉ. आंबेडकरांची भूमिका स्पष्ट होती आणि बाकीचे काम संकेत करील, असा विश्वास होता. घटना समितीचे अध्यक्ष डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी या मोकळ्या जागेकडे तेव्हाच लक्ष वेधले होते. पुढे तेच पहिले राष्ट्रपती झाले, हा इतिहासाचा मोठा योगायोग.

कसोटीचा प्रसंग यायला फार दिवस लागले नाहीत. हिंदू कोड बिलावर संसदेत आणि संसदेबाहेर रण माजले होते. १५ सप्टेंबर १९५१ रोजी राजेंद्रप्रसादांनी पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहून कळविले, की या विधेयकाच्या वाटचालीकडे आपण लक्ष ठेवून आहोत आणि ते अनुमतीसाठी येईल तेव्हा स्वतःच्या विवेकाने निर्णय घेण्याचा आपला अधिकार आपण वापरू इच्छितो. त्या वेळची संसद हंगामी होती, प्रौढ मताधिकाराने निवडलेली नव्हती. अशा संसदेने समाजरचनेचा इतका मूलगामी कायदा करू नये, हा त्यांच्या आक्षेपातला एक मुद्दा होता. नेहरूंनी ॲटर्नी जनरल मो. चि. सेटलवाड आणि घटनातज्ज्ञ अल्लादी कृष्णस्वामी अय्यर यांचे मत मागविले. राष्ट्रपतींनी मंत्रिपरिषदेच्या सल्ल्यानुसारच वागले पाहिजे, असे दोघांनीही सांगितले. इकडे सरकारने विधेयक पुढे रेटण्याचे सोडून दिले आणि २७ सप्टेंबर १९५१ रोजी डॉ. आंबेडकरांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. सहीचा प्रश्न त्यामुळे त्या वेळी प्रत्यक्षात आलाच नाही. सार्वत्रिक निवडणुकीनंतर १९५५ व १९५६ मध्ये विवाह, उत्तराधिकार, पालकत्व आणि दत्तक यांविषयीचे चार स्वतंत्र कायदे झाले. त्या चारही विधेयकांना अनुमती देणारी सही राजेंद्रप्रसादांचीच होती.

या प्रकरणाकडे केवळ सनातनी राष्ट्रपती विरुद्ध सुधारक पंतप्रधान अशा दृष्टीने पाहिले, तर त्यातील घटनात्मक धडा निसटतो. राजेंद्रप्रसादांनी आपला आक्षेप पत्रात लिहिला, त्याची कारणे दिली, उलट उत्तर ऐकून घेतले आणि निवडून आलेल्या संसदेने निर्णय दिल्यावर तो मान्य केला. मनातील प्रश्न मात्र त्यांनी सोडला नाही. २८ नोव्हेंबर १९६० रोजी दिल्लीत इंडियन लॉ इन्स्टिट्यूटच्या इमारतीच्या पायाभरणीच्या समारंभात बोलताना राष्ट्रपतींचे अधिकार आणि इंग्लंडच्या राजाचे अधिकार खरोखर एकच आहेत का, याचा अभ्यास कायदेपंडितांनी करावा, असे त्यांनी जाहीरपणे सुचविले. पदावर असताना केलेली ही सूचना अनेकांना रुचली नाही. पण ती उघडपणे केलेली होती.

राजेंद्रप्रसादांच्याच काळात अनुमती प्रत्यक्ष रोखून धरण्याचा प्रसंगही घडला, तोही कोणताही गाजावाजा न होता. पतियाळा व पूर्व पंजाब संस्थान संघात, म्हणजे पेप्सूमध्ये, राष्ट्रपती राजवट असताना त्या राज्याचे विनियोजन विधेयक १९५४ मध्ये संसदेने संमत केले. ते सहीसाठी येईपर्यंत राष्ट्रपती राजवट उठली होती आणि त्या राज्याच्या खर्चाविषयी कायदा करण्याचा संसदेचा अधिकारच संपला होता. राष्ट्रपतींनी अनुमती दिली नाही. इथे सरकारशी संघर्ष नव्हता. कायद्याच्या यंत्रातली चूक शेवटच्या पायरीवर पकडली गेली, इतकेच. ही पायरी का ठेवली आहे, ते या छोट्या प्रसंगावरून चांगले कळते.

राष्ट्रपतींचे काम केवळ शेवटी येते असे नाही. काही विधेयकांत ते आरंभीच येते. बृहन्महाराष्ट्रातील आपल्या घरांशी ज्याचा सर्वांत निकटचा संबंध आहे, ती तरतूद म्हणजे संविधानाचा तिसरा अनुच्छेद. नवे राज्य करणे किंवा राज्याच्या सीमा बदलणे यासाठीचे विधेयक राष्ट्रपतींच्या शिफारशीवाचून संसदेत मांडताच येत नाही. आणि ज्या राज्यावर परिणाम व्हायचा त्याच्या विधिमंडळाकडे ते मत मागविण्यासाठी राष्ट्रपतींनी आधी पाठवावे लागते. १९५५ मध्ये पाचवी घटनादुरुस्ती झाली आणि हे मत किती दिवसांत द्यायचे, ती मुदत ठरविण्याचा अधिकार राष्ट्रपतींना मिळाला. मुदतीत मत आले नाही तरी संसदेचे काम अडत नाही.

पुढच्याच वर्षी या वाटेने देशाचा नकाशा बदलला. राज्यपुनर्रचना अधिनियमाला ३१ ऑगस्ट १९५६ रोजी अनुमती मिळाली आणि १ नोव्हेंबरपासून तो अमलात आला. ग्वाल्हेर व इंदूर ज्यात होते ते मध्य भारत राज्य मध्य प्रदेशात विलीन झाले. हैदराबाद संस्थानातून आलेल्या राज्याचे तीन भाग झाले. मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि हैदराबाद शहर आंध्र प्रदेशाची राजधानी बनले. चंदगड तालुका वगळून बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. आज सीमाभागात किंवा भागानगरात जी मराठी कुटुंबे ‘परराज्यात’ राहतात, त्यांतील अनेकांनी घर सोडलेच नव्हते. राज्य त्यांच्या पायांखालून सरकले होते.

या अधिनियमाच्या मूळ विधेयकात मुंबई शहर केंद्रशासित, विदर्भ-मराठवाड्यासह महाराष्ट्र आणि सौराष्ट्र-कच्छसह गुजरात, असे तीन स्वतंत्र घटक होते. मुंबई विधिमंडळाकडे मतासाठी गेले ते हे विधेयक. संसदेने मात्र चर्चेअंती त्यात बदल करून एकच विशाल द्विभाषिक मुंबई राज्य निर्माण केले. या द्विभाषिकाविषयी विधिमंडळाचे मत राष्ट्रपतींनी विचारलेच नाही, तेव्हा तिसऱ्या अनुच्छेदाचा भंग झाला, असा दावा बाबुलाल पराते यांनी उच्च न्यायालयात केला. तो फेटाळला गेल्यावर प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. २८ ऑगस्ट १९५९ रोजी न्यायालयाने निकाल दिला, की मूळ विधेयकाशी सुसंगत अशा प्रत्येक दुरुस्तीसाठी नव्याने मत मागविण्याची आवश्यकता नाही आणि विधिमंडळाचे मत संसदेवर बंधनकारकही नाही. मत विचारणे म्हणजे ते मानणे नव्हे, हा सिद्धान्त तेव्हापासून रूढ झाला. द्विभाषिक फार काळ टिकले नाही. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे झाले व बडोदे गुजरातेत राहिले. २०१४ मध्ये आंध्र प्रदेशाच्या विधानसभेने पुनर्रचनेचे विधेयक नाकारल्यावरही संसदेने ते संमत केले, राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांनी १ मार्च रोजी त्यावर सही केली आणि हैदराबादच्या मराठी मंडळींचे राज्य दुसऱ्यांदा बदलले.

इथे एक विसंगती नजरेत भरते. तिसऱ्या अनुच्छेदात राज्यांच्या विधिमंडळांना मुदत आहे. १२३व्या अनुच्छेदानुसार राष्ट्रपतींनी काढलेल्या अध्यादेशाला संसद पुन्हा भरल्यापासून सहा आठवड्यांची मुदत आहे. २०१व्या अनुच्छेदानुसार राज्याचे विधेयक राष्ट्रपतींच्या संदेशासह परत आले, तर विधिमंडळाने त्याचा फेरविचार सहा महिन्यांत करावयाचा असतो. सर्वांना मुदत आहे. फक्त सही करणाऱ्याला नाही. १११व्या अनुच्छेदात निदान ‘शक्य तितक्या लवकर’ हे शब्द तरी आहेत. राज्यांच्या राखीव विधेयकांसंबंधीच्या २०१व्या अनुच्छेदात राष्ट्रपतींसाठी तेवढेही नाहीत.

सल्ल्याच्या बंधनाची मोकळी जागा मात्र हळूहळू भरत गेली. १९७१च्या चोविसाव्या घटनादुरुस्तीने घटनादुरुस्ती विधेयकांना राष्ट्रपतींनी अनुमती दिलीच पाहिजे, असे स्पष्ट केले. १९७४ मध्ये शमशेर सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रपती व राज्यपाल हे सामान्यतः मंत्रिपरिषदेच्या सल्ल्याने चालणारे घटनात्मक प्रमुख आहेत, असे सांगितले. आणीबाणीच्या काळात झालेल्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने तो सल्ला लेखी स्वरूपात बंधनकारक केला. तर १९७८च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने एकदा फेरविचारास सांगण्याचा अधिकार राष्ट्रपतींना दिला. पुन्हा तोच सल्ला आला तर तो मानावा लागतो. एकदा विचारा, मग ऐका, अशी ही व्यवस्था आहे आणि ती १११व्या अनुच्छेदातील फेरविचाराच्या तरतुदीशी मिळतीजुळती आहे.

परंतु विचारलेही नाही आणि ऐकलेही नाही, तर काय? १९८६ मध्ये संसदेने भारतीय डाक (दुरुस्ती) विधेयक संमत केले. १८९८च्या इंग्रजकालीन कायद्याच्या सव्विसाव्या कलमात बदल करून टपाल अडविण्याचे आणि ताब्यात घेण्याचे सरकारचे अधिकार त्यात विस्तारले होते. नागरिकांच्या खासगी पत्रव्यवहारावर हे अतिक्रमण आहे, अशी टीका वृत्तपत्रांतून झाली. राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग यांनी विधेयकावर सही केली नाही आणि ते परतही पाठविले नाही. त्याच काळात गोव्याला घटक राज्याचा दर्जा देणारे विधेयक त्यांच्याकडे आले. त्याला अनुमती मिळाली आणि ३० मे १९८७ रोजी गोवा राज्य झाले. टपालाचे विधेयक मात्र त्यांच्या मेजावरच राहिले. जुलै १९८७ मध्ये त्यांची मुदत संपली. पुढे राष्ट्रपती आर. वेंकटरामन यांनी १९९० मध्ये, केंद्रात सरकार बदलल्यावर, ते फेरविचारार्थ परत पाठविले आणि अखेर २००२ मध्ये वाजपेयी सरकारने ते मागे घेतले. घटनेत ज्याचे नावही नाही असा ‘पॉकेट व्हेटो’ भारतात असा अवतरला.

ज्यांच्या घरी दूरदूरच्या नातलगांची पत्रे ट्रंकेत जपून ठेवलेली आहेत, अशा आपल्या पिढीला झैलसिंगांनी केले ते योग्यच वाटेल. परिणाम चांगला झाला, यात शंका नाही. परंतु ज्या मौनाने हा परिणाम साधला, त्याचे काय? त्या वेळी राष्ट्रपती आणि पंतप्रधान राजीव गांधी यांचे संबंध ताणलेले होते, हे सर्वांना ठाऊक होते. सही थांबली ती तत्त्वासाठी की रागासाठी, हे कोणालाच ठामपणे सांगता येईना. संदेश पाठविला असता तर आक्षेप कागदावर आले असते, संसदेला त्यांचे उत्तर द्यावे लागले असते. आज १८९८चा तो कायदाच राहिलेला नाही. २०२३च्या डाकघर अधिनियमाने त्याची जागा घेतली आणि १८ जून २०२४ पासून तो अमलात आहे. राज्याची सुरक्षितता, सार्वजनिक सुव्यवस्था, आणीबाणी यांसारख्या कारणांवरून टपाल अडविण्याचा अधिकार त्याच्या नवव्या कलमात आहेच. मौनाने एक विधेयक अडले. प्रश्न मात्र जिथे होता तिथेच राहिला.

आर. वेंकटरामन यांच्या वाट्याला आणखी एक प्रसंग आला. १९९१ मध्ये लोकसभा विसर्जित होण्याच्या सुमारास खासदारांचे वेतन, भत्ते व निवृत्तिवेतन यांविषयीचे दुरुस्ती विधेयक घाईने संमत करण्यात आले. सरकारी तिजोरीतून खर्च व्हावयाचा असेल, तर अशा विधेयकासाठी राष्ट्रपतींची शिफारस आधी लागते. ती घेतलेलीच नव्हती. वेंकटरामन यांनी अनुमती रोखली. पेप्सूच्या प्रसंगासारखाच हाही कार्यपद्धतीतील दोषावर ठेवलेला नेमका अंकुश होता.

अध्यादेशांच्या बाबतीत राष्ट्रपतींचा प्रश्न अधिक परिणामकारक ठरलेला दिसतो, कारण तिथे संसद मध्ये नसते. १९९६ मध्ये निवडणुकीच्या तोंडावर नरसिंह राव सरकारने पाठविलेले दोन अध्यादेश डॉ. शंकर दयाळ शर्मा यांनी सही न करता परत केले. २०१३ मध्ये दोषी ठरलेल्या लोकप्रतिनिधींना संरक्षण देणाऱ्या अध्यादेशाबाबत प्रणव मुखर्जी यांनी मंत्र्यांना बोलावून विचारणा केली. सत्ताधारी पक्षातूनही विरोध झाला आणि अध्यादेश मागे घेतला गेला. असे विचारणारे कोणी नसले म्हणजे काय होते, हे पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील प्राध्यापक डॉ. डी. सी. वाधवा यांनी बिहारच्या उदाहरणाने दाखवून दिले. १९६७ ते १९८१ या काळात तिथल्या राज्यपालांनी २५६ अध्यादेश काढले आणि त्यांतील काही पुनःपुन्हा काढून चौदा वर्षांपर्यंत जिवंत ठेवले. १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही प्रथा म्हणजे संविधानाची फसवणूक असल्याचा निर्वाळा दिला.

उघडपणे विचारलेल्या प्रश्नाचे सर्वांत स्वच्छ उदाहरण २००६ मधले आहे. लाभाच्या पदावरून खासदारकी जाण्याची वेळ अनेकांवर आली, तेव्हा पन्नासहून अधिक पदांना १९५९ पासून पूर्वलक्षी सूट देणारे विधेयक संसदेने संमत केले. राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांनी ३० मे २००६ रोजी ते परत पाठविले. सर्व राज्यांना सारखेच लागू पडतील असे न्याय्य व स्पष्ट निकष का नसावेत आणि पूर्वलक्षी सवलत कितपत उचित आहे, हे त्यांचे प्रश्न होते. जुलैअखेर दोन्ही सभागृहांनी विधेयक काही न बदलता पुन्हा संमत केले आणि १८ ऑगस्ट रोजी कलामांनी त्यावर सही केली. विधेयकाचा एक शब्दही हलला नाही, म्हणून हा संदेश वाया गेला असे म्हणता येईल. परंतु लाभाच्या पदाची व्याख्या तपासण्यासाठी त्याच महिन्यात संसदेची संयुक्त समिती नेमावी लागली, आणि आक्षेप काय होते, हे आजही कोणालाही वाचता येते.

झैलसिंगांचे मौन यशस्वी झाले आणि कलामांचा संदेश निष्फळ ठरला, असे ताळेबंद मांडणाऱ्याला वाटेल. मला वाटते, इथेच आपण सावध राहिले पाहिजे. मौनाला कोणतीच बाजू नसते. नागरिकाच्या पत्राचे रक्षण करणारे मौन उद्या निवडून आलेल्या विधानसभेचा कायदाही तसेच गिळून टाकू शकते. आणि ते का गिळले, हे सांगण्याची जबाबदारी कोणावरच नसते. राज्यांच्या विधेयकांबाबत हे घडलेलेही आहे. महाराष्ट्राच्या १९९९च्या मकोका कायद्याच्या धर्तीवर गुजरात विधानसभेने २००३ मध्ये संघटित गुन्हेगारीविरोधी विधेयक संमत केले. दिल्लीतून ते एकाहून अधिक वेळा परत आले, केंद्रातील सरकारे बदलली, राष्ट्रपती बदलले, २०१५ मध्ये नव्या रूपात ते पुन्हा संमत झाले आणि त्याला अनुमती मिळाली ती २०१९ मध्ये. त्या कायद्यातील काही कलमांना विरोध करण्यासारखे पुष्कळ होते. पण सोळा वर्षे हा विचाराला लागणारा काळ नव्हे. शिवाय राखीव विधेयकावर राष्ट्रपती केंद्रीय मंत्रिपरिषदेच्या सल्ल्याने निर्णय घेतात. तेव्हा तिथला विलंब वस्तुतः केंद्र सरकारचा असतो, नाव फक्त राष्ट्रपतींचे असते.

हा प्रश्न २०२५ मध्ये पूर्णपणे ऐरणीवर आला. तमिळनाडूच्या राज्यपालांनी अडवून ठेवलेल्या दहा विधेयकांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींच्या पीठाने ८ एप्रिल २०२५ रोजी ती विधेयके अनुमती मिळालेली मानावीत असा निर्णय दिला, आणि राखीव विधेयकांवर राष्ट्रपतींनी तीन महिन्यांत निर्णय घ्यावा, अशी मुदत घातली. १३ मे रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी १४३व्या अनुच्छेदाखाली चौदा प्रश्न न्यायालयापुढे मांडले. सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायमूर्तींच्या पीठाने २० नोव्हेंबर २०२५ रोजी मत दिले. संविधानाने जिथे मुदत घातलेली नाही, तिथे न्यायालयाला ती घालता येत नाही. ‘अनुमती मिळाल्याचे मानणे’ हेही घटनेत बसत नाही. मात्र राज्यपालांना विधेयक परत न पाठविता नुसते रोखून धरता येणार नाही, आणि दीर्घकाळ, कोणतेही कारण न देता ते निष्क्रिय राहिले, तर निर्णय घ्या, एवढे सांगण्याइतपत न्यायालय हस्तक्षेप करू शकेल, असेही त्या मतात म्हटले आहे.

म्हणजे सहा आठवड्यांची रेघ न्यायालयाने पुन्हा ओढली नाही. ती ओढायची तर संसदेनेच घटनादुरुस्ती करून ओढली पाहिजे. हे मत घटनेच्या शब्दांशी प्रामाणिक आहे. पण त्यामुळे जबाबदारी संपत नाही, उलट ती संकेतावर येऊन पडते. आणि संकेत सांभाळायचे म्हणजे ते कोण मोडतो, कोण पाळतो, याची आठवण समाजाने ठेवावी लागते. राजेंद्रप्रसादांचे पत्र आणि कलामांचा संदेश या दोहोंतही राष्ट्रपतींची हार झाली, तरी दोन्ही प्रसंगी लोकशाहीला काही मिळाले, कारण आक्षेप लिहिला गेला आणि त्याला उत्तर द्यावे लागले. अनुमतीच्या अधिकाराचे खरे बळ या लिहिलेल्या प्रश्नात आहे. सही न करण्यात नाही.

एखाद्या विधेयकाला राष्ट्रपतींची अनुमती मिळाल्याची बातमी वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात येते आणि आपण ती वाचून पान उलटतो. ते विधेयक त्यांच्याकडे कधी गेले होते, मध्ये किती दिवस गेले आणि त्या दिवसांत कोणी काही विचारले का, एवढे तीन प्रश्न त्या बातमीला विचारण्याची सवय आपण लावून घ्यायला हवी. १९४९ च्या मे महिन्यात कामतांनी जी शंका घेतली होती, तिचे उत्तर संविधानात अजून लिहिले गेलेले नाही. ते लिहिले जाईपर्यंत ‘शक्य तितक्या लवकर’ या शब्दांचा अर्थ सही करणाऱ्यांवर जितका अवलंबून आहे, तितकाच तो विचारत राहणाऱ्या नागरिकांवरही आहे.